शामारेल: मॉरिशसच्या डोंगरावरील हिरव्या गावाला पहिल्यांदा जाताना

मॉरिशसला जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या सहलीच्या कागदावर शामारेल हे नाव 'सात रंगांची जमीन' एवढ्या एका ओळीत येते. गाडी थांबते, अर्ध्या तासात छायाचित्रे काढून होतात आणि गाडी पुढच्या ठिकाणी निघते. माझी पहिली भेट नेमकी अशीच झाली होती. दुसऱ्या खेपेस मी गावातच दोन रात्री राहिलो, तेव्हा पहाटेचे धुके, ओल्या मातीचा वास आणि उसाच्या शेतांमागे उभे असलेले दाट रान पाहून मला पहिल्या खेपेची मनापासून हळहळ वाटली. शामारेलला किमान एक पूर्ण दिवस द्यावा आणि शक्य झाल्यास रात्रीचा मुक्काम तेथेच करावा, हे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच हिशेबाने दिल्या आहेत.

निघण्यापूर्वी थोडी ओळख

शामारेल हे मॉरिशस बेटाच्या नैर्ऋत्य भागात, रिव्हिएर न्वार म्हणजेच ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत वसलेले छोटे गाव आहे. 1800 च्या सुमारास या परिसराची मालकी ज्याच्याकडे होती, त्या शाझाल द शामारेल या फ्रेंच जमीनदारावरून गावाला हे नाव पडले. त्या काळात मळ्यांवरून पळालेले गुलाम आसपासच्या रानांत आणि कड्यांत आश्रय घेत असत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी संपली. आज गावात राहणाऱ्या क्रेओल कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज आफ्रिका आणि मादागास्करहून बळजबरीने आणले गेले होते, ही गोष्ट गावात फिरताना लक्षात ठेवावी.

मराठी माणसाला या भूमीशी जोडणारे दोन धागे आहेत. पहिला धागा जमिनीचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने आपले दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडवला, तो भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून वर आला, त्याच स्रोताने पुढे सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस बेट उभे केले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. मधल्या काळात भारताला वाहून नेणारा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि तो स्रोत मागे राहिला. आज तो मॉरिशसच्या नैर्ऋत्येला सुमारे 200 किलोमीटरवर असलेल्या रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तेथील ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो. मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र हजारो वर्षांपासून शांत आहेत, त्यामुळे त्याविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. शामारेलच्या रस्त्याकडेला उघडा पडलेला काळा कातळ पाहताना घाटातला एखादा ओळखीचा कडा आठवतो, त्याचे कारण हे असे आहे.

दुसरा धागा माणसांचा आहे. 1834 पासून सुरू झालेल्या गिरमिट म्हणजेच करारबद्ध मजुरीच्या पद्धतीतून ऊसमळ्यांवर राबायला भारतातून जी लाखो माणसे मॉरिशसला गेली, त्यांत कोकणातील आणि घाटावरील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्यापैकी अनेक जण याच पश्चिम भागात स्थिरावले. किनाऱ्याच्या बाजूचे कास्काव्हेल हे मराठी वस्तीसाठी ओळखले जाणारे गाव याच जिल्ह्यात आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, घरोघर मोदक होतात आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारा झाकरी हा नाच अजूनही जपला जातो.

पहिली पायरी: महिना ठरवणे

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. मे ते नोव्हेंबर हा काळ थंड आणि तुलनेने कोरडा असतो, तर डिसेंबर ते एप्रिल हा उष्ण, दमट आणि भरपूर पावसाचा काळ असतो. चक्रीवादळेही मुख्यतः याच दिवसांत येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने निवडावेत, कारण तेव्हा चालण्यासारखी हवा असते आणि रान हिरवेच असते. धबधबा भरून वाहताना पाहायचा असेल, तर फेब्रुवारी-मार्च योग्य आहेत, पण मग वादळाची शक्यता गृहीत धरून एक-दोन दिवस हाताशी राखावे लागतात. वादळाचे इशारे तेथे एक ते चार अशा श्रेणींत दिले जातात. तिसरी श्रेणी जाहीर झाली की आपण जेथे असू तेथेच थांबायचे असते, हा नियम स्थानिक लोक काटेकोरपणे पाळतात आणि पाहुण्यांनीही तो पाळावा.

महाशिवरात्रीच्या आठवड्याचा विचार वेगळा करावा लागतो. त्या दिवसांत लाखो भाविक बेटाच्या कानाकोपऱ्यातून, अनेक जण खांद्यावर सजवलेली कावड घेऊन, पायी मध्य पठारावरील पवित्र गंगा तलावाकडे येतात. तो सोहळा पाहायचा असेल तर त्यासारखा योग नाही, मात्र शामारेलला पोहोचण्याची घाई असेल तर या तलावाजवळून जाणारा वरचा रस्ता त्या दिवसांत टाळावा.

दुसरी पायरी: कागदपत्रे आणि सामान

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, तो विमानतळावर पोहोचल्यावर मिळतो. त्यासाठी परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाची नोंद आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हाताशी असावा. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी मॉरिशस सरकारच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे आणि प्रवाशांसाठी असलेला ऑनलाइन अर्जही तेथेच भरावा. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा ते सात तास लागतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे असते.

सामानात तीन गोष्टी विसरू नयेत. किनाऱ्यावर उकडत असले तरी डोंगरावर चार-पाच अंशांनी गारवा असतो आणि पाऊस न सांगता येतो, म्हणून हलका रेनकोट आणि एक स्वेटर हवा. रानातल्या वाटा चिकट मातीच्या असतात, त्यामुळे तळाला खाचा असलेले बूट हवेत, साध्या चपलांनी तेथे पाय घसरतो. तिसरी गोष्ट डास पळवणारे मलम. विषारी सापांची काळजी मात्र करू नये, कारण माणसाला धोका होईल असा साप या बेटावर नाही. आपले जाड तीन खुंट्यांचे प्लग तेथील सॉकेटमध्ये बसत नाहीत, तेव्हा अॅडॉप्टरही घ्यावा.

तिसरी पायरी: वाहन आणि मुक्काम

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि तेथून शामारेलला पोहोचायला सव्वा ते दीड तास लागतो. सार्वजनिक बस स्वस्त असली तरी डोंगरावर येणाऱ्या फेऱ्या मोजक्याच असतात आणि परतीची शेवटची बस चुकली तर पंचाईत होते. दोघा-चौघांसाठी भाड्याची गाडी हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. तेथे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे घाटात गाडी चालवण्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हात बसतो. सोबत मूळ वाहन परवाना ठेवावा आणि आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतल्यास उत्तमच. गाडी चालवायची नसेल तर दिवसभरासाठी टॅक्सी ठरवावी, पण कोणकोणत्या ठिकाणी किती वेळ थांबायचे हे आणि एकूण रक्कम आधीच बोलून घ्यावी. खरेदीच्या दुकानांपुढे थांबे नकोत, हेही त्याच वेळी सांगावे.

मुक्कामासाठी गावात आणि आसपास घरगुती पाहुणघरे आणि रानात बांधलेली लाकडी घरे आहेत. नोंदणी करतानाच जेवणाचे विचारून ठेवावे, कारण गाव लवकर झोपते. थोडी मॉरिशियन रोख रक्कमही किनाऱ्यावरच्या एखाद्या शहरात काढून घ्यावी.

चौथी पायरी: कोणत्या रस्त्याने चढावे

शामारेलला जाण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक पश्चिम किनाऱ्यावरील काझ नोयाल येथून वर चढतो. हा रस्ता थोड्या अंतरात बरीच उंची गाठतो, वळणे आवळलेली आहेत आणि मागे वळून पाहिले तर खाजणाचे फिकट निळे पाणी, प्रवाळाची पांढरी रेघ आणि ल मोर्नचा सुटा उभा डोंगर दिसतो. दुसरा रस्ता मध्य पठारावरून, गंगा तलाव आणि प्लेन शॅम्पेन या उंच माळावरून, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने गावात उतरतो.

माझा सल्ला असा की वरच्या रस्त्याने गावात यावे आणि परतताना काझ नोयालच्या रस्त्याने किनाऱ्याकडे उतरावे. सकाळी पठारावरची हवा स्वच्छ असते, दुपारनंतर ढग खाली येतात आणि दरीचे दृश्य झाकले जाते. उलट किनाऱ्याकडचे दृश्य दुपारच्या कलत्या उन्हात सर्वांत सुंदर दिसते.

सकाळी सातच्या आत निघून पहिला थांबा गंगा तलावावर घ्यावा. फ्रेंचमध्ये याला ग्राँ बासाँ म्हणतात. ज्वालामुखीच्या मुखात साठलेले हे पाणी आहे. 1972 मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले. काठावर 33 मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. देवळांपाशी पादत्राणे काढावीत आणि हातातील खाऊ पिशवीत ठेवावा, कारण तेथील माकडे धीट आहेत. त्यांना काही खायला देऊ नये. माकडे या बेटावर माणसानेच आणलेली आहेत आणि स्थानिक पक्ष्यांची अंडी व पिल्ले ती खातात.

पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या दरीच्या तोंडाशी गाडी लावून दहा मिनिटे शांत उभे राहावे. लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी खाली दरीत संथ घिरट्या घालताना दिसतात. त्यांना तेथे 'पाय-आँ-क' म्हणतात. 828 मीटर उंचीचे, बेटावरील सर्वांत उंच शिखर चढण्याची वाटही याच रस्त्यावरून फुटते. ते चढायचे असेल तर शामारेलसाठी दुसरा दिवस राखावा.

मे-जूनच्या सुमारास गेलात तर प्लेन शॅम्पेनच्या कडेला लाल पेरू विकणारे दिसतील. हा पेरू करवंदाहून थोडा मोठा, गर्द लाल आणि आंबटगोड असतो. मी एका बाईंकडून पिशवीभर घेतले तेव्हा त्यांनी विचारण्याआधीच कागदाच्या पुडीत मीठ आणि कुटलेली लाल मिरची बांधून दिली. पेरू दातांनी फोडायचा, आतल्या ओल्या बाजूला मीठ-मिरची लावायची आणि बियांसकट खायचा. गंमत म्हणजे चवीला इतके गोड असलेले हे झुडूप तेथील रानाचा मोठा शत्रू आहे. ब्राझीलकडून आलेले हे रोप इतके दाट माजते की मूळ झाडांच्या रोपांना उजेड मिळत नाही. फळे अवश्य खावीत, पण बिया रानात टाकू नयेत.

पाचवी पायरी: धबधबा आणि सात रंगांची जमीन

गावाजवळ या दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात पाहता येतात. शक्यतो प्रवेशद्वार उघडते त्याच सुमारास पोहोचावे, कारण साडेदहानंतर मोठ्या बसगाड्या येऊ लागतात. आत गेल्यावर आधी धबधब्याचा सज्जा लागतो. सुमारे 100 मीटरचा हा प्रपात काळ्या कातळावरून एकाच झेपेत खाली पडतो. तळाच्या डोहापर्यंत जायचे असेल, तर घसरड्या रानवाटेने उतरावे लागते आणि ते जाणकार वाटाड्याशिवाय करू नये.

तेथून थोडे पुढे रंगीत जमीन आहे. तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर, हिरवट, पिवळी अशा छटांच्या उघड्या टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात आणि चहूबाजूंना मात्र दाट हिरवे रान असते. हे कसे घडले हे समजून पाहिले तर पाहण्याची गोडी वाढते. लाव्ह्याचा बसाल्ट दगड उष्ण आणि दमट हवेत हजारो वर्षे कुजत राहिला, त्याची माती झाली आणि पावसाने तिच्यातील सिलिकासारखे विरघळणारे घटक वाहून नेले. मागे लोह आणि अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरली. लोहामुळे तांबड्या आणि काळपट छटा आल्या, अॅल्युमिनियममुळे निळसर आणि जांभळ्या. पोषक द्रव्ये वाहून गेल्यामुळे तेथे गवताची काडीही उगवत नाही. महाबळेश्वरचा किंवा कास पठाराचा जांभा दगड ज्या क्रियेने तयार झाला, तीच ही क्रिया आहे. आपल्याकडे तिचा कठीण थर झाला, येथे मऊ मातीच्या लाटा झाल्या.

मातीवर चालायला मनाई आहे, लाकडी कठड्याबाहेरूनच पाहायचे असते. एका जागी उभे राहून सात रंग मोजत बसू नये. कठड्याच्या कडेने पूर्ण फेरी मारावी, कारण उन्हाचा कोन बदलला की तीच टेकडी तांबडीची जांभळी दिसू लागते. ढगाळ हवेत रंग मंद दिसतात, अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे थांबून उन्हाची तिरीप येऊ द्यावी. पाऊस नुकताच पडून गेला असेल आणि वर ऊन आले असेल, तर त्यासारखे भाग्य नाही. आवारात अल्दाब्रा जातीची प्रचंड कासवेही आहेत. मुलांना ती फार आवडतात, मात्र त्यांच्या पाठीवर बसवू नये.

सहावी पायरी: रानात दोन तास

बहुतेक प्रवासी येथून परत फिरतात. माझ्या मते मात्र शामारेलचा गाभा पुढेच आहे. गावालगत एबनी फॉरेस्ट हे राखीव रान आहे, जेथे परकी झाडे उपटून मूळची झाडे पुन्हा लावण्याचे काम अनेक वर्षे चिकाटीने चालू आहे. बेटावर चांगल्या स्थितीतले मूळ रान आता जेमतेम दोन टक्के उरले आहे. डच वसाहतीच्या काळात येथील काळ्याभोर अबनूस लाकडासाठी तोड सुरू झाली, पुढे ऊसमळ्यांसाठी रान साफ झाले. या रानात उंचावर बांधलेल्या लाकडी मार्गावरून चालता येते, वाटाड्यासह फेरीही घेता येते. ती आधी नोंदवावी.

येथे गुलाबी कबूतर दिसले तर क्षणभर थांबून पाहावे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हा पक्षी रानात अवघा दहाच्या आसपास उरला होता. मॉरिशसच्या छोट्या ससाण्याची स्थिती त्याहून बिकट होती, 1974 मध्ये जगात त्याचे केवळ चार पक्षी माहीत होते. माणसांनी अंडी उबवून, पिल्ले वाढवून हे पक्षी परत आणले. त्यांच्या सोबतीला ओळखीचे आवाजही ऐकू येतात, शिपाई बुलबुल आणि साळुंकी. हे दोन्ही पक्षी बाहेरून आणलेले आहेत आणि आपल्या अंगणात लाडकी असलेली ही पाखरे तेथे मात्र स्थानिक पक्ष्यांच्या आणि फळबागांच्या मुळावर आली आहेत.

सातवी पायरी: गावात जेवण आणि वावर

शामारेलची घरगुती जेवणे प्रसिद्ध आहेत. कोवळ्या ताडाच्या गाभ्याची कोशिंबीर, डोंगरावरच्या रानडुकराचा किंवा हरणाचा रस्सा, मसूर आणि भात असे पान असते. शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशीच कळवावे. बेटावर भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य असल्याने शाकाहार तेथे कोणाला नवा नाही, पण 'भाजी' मागितल्यावर तीत मासळी आहे का, हे स्पष्ट विचारावे. तेथील क्रेओल बोलीत 'मो पा मांझ लाव्यान' म्हणजे मी मांस खात नाही, मासळीला 'प्वासों' आणि अंड्याला 'दिझेफ' म्हणतात. एवढे शब्द पाठ केले तरी काम भागते. सकाळी निघतानाच एखाद्या शहरातून डाळपुरी बांधून घ्यावी. ती नेहमी जोडीने मिळते, आत वाटाण्याची डाळ असते आणि वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी व टोमॅटोचा रस्सा घालून ती कागदात गुंडाळून देतात. पुरणपोळीची पातळ, तिखट बहीण म्हणावी अशी ती लागते.

डोंगरावर कॉफीची लागवडही होते. शामारेलची कॉफी तेथेच प्यावी आणि घरी न्यायला घ्यावी. ताज्या उसाच्या रसापासून रम बनवणारा कारखानाही गावाजवळ आहे. साधारण जूनअखेर ते डिसेंबर ऊस तोडणीचा हंगाम असतो, तेव्हा काम चालू असलेले पाहायला मिळते. फेरीच्या शेवटी चव घ्यायला देतात. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये, पुढचा उतार तीव्र आहे.

गावाच्या रस्त्यावरून चालताना समोरच्याला 'बोंझूर' म्हणावे. हे न म्हणता थेट काही विचारणे तेथे उद्धटपणाचे वाटते. माणसांची आणि घरांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, त्या वेळी बाहेर मोठ्याने बोलू नये.

उतरताना

चार वाजण्याच्या सुमारास गाव सोडावे. डोंगरात अंधार लवकर पडतो, धुके आले तर वळणे दिसत नाहीत. काझ नोयालच्या उतारावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी, सतत ब्रेक दाबत उतरू नये. वाटेत ज्या वळणावर खाजण पहिल्यांदा दिसते, तेथे रस्त्याकडेला गाडी लावण्याची जागा आहे. समोर दिसणारा ल मोर्न 556 मीटर उंच आहे. पळालेल्या गुलामांचे हे आश्रयस्थान 2008 मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदवले गेले. किनाऱ्यावर उतरल्यावर डावीकडे वळलात तर सूर्यास्ताआधी त्याच्या पायथ्याशी पोहोचता येते.